सामाईक वस्तूची तोडफोड : 'स्वतःच्याच मालाचे नुकसान' हा बचाव कायद्यात नाही

'पती-पत्नी विभक्त झाल्यावर दोघांच्या नावावरचा टीव्ही फोडला किंवा गाडीच्या काचा फोडल्या, तरी मालकी स्वतःचीही असल्याने गुन्हा होत नाही,' असा मजकूर सध्या समाजमाध्यमांवर फिरत आहे. हा दावा चुकीचा आहे.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 मध्ये, स्वतःच्या किंवा इतरांसह संयुक्त मालकीच्या मालमत्तेबाबतही 'आगळीक' (जाणूनबुजून केलेले मालमत्तेचे नुकसान) घडू शकते, असे स्पष्टीकरणातच नमूद आहे. हा नियम नवा नाही. 1860 च्या दंड संहितेतील कलम 425 खाली भागीदारीतल्या घोड्याला दुसऱ्या मालकाची गैरहानी (बेकायदेशीर नुकसान) व्हावी म्हणून गोळी घालणाऱ्याचे उदाहरण दिलेले होते, आणि त्याहून नेमके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

अर्थात, प्रत्येक फुटलेली कपबशी म्हणजे गुन्हा नव्हे. दुसऱ्याची गैरहानी करण्याचा उद्देश किंवा तशी हानी होण्याचा संभव असल्याची जाणीव सिद्ध व्हावी लागते. निष्काळजीपणा पुरत नाही. साध्या आगळिकीस 6 महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही, तर नुकसान 1 लाख रुपये किंवा त्याहून अधिक असल्यास 5 वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मात्र साधी आगळीक अदखलपात्र असल्याने दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, आणि 'ठाण्यात नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवली, म्हणजे गुन्हाच नाही' हा गैरसमज बहुधा यातूनच पसरला असावा. न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली असल्याने त्यापूर्वीच्या घटनांना 1860 ची दंड संहिताच लागू राहते.