एसजीपीटी नॉर्मल म्हणजे निर्धास्त?

‘एसजीपीटी (यकृताला सूज आली की रक्तात वाढणारं एन्झाइम) मर्यादेत असेल तर काळजी नको’ हे तुमच्या यकृताच्या तपासणीवरच्या लेखातलं वाक्य खटकलं, म्हणून लिहितेय. माझ्या धाकट्या भावाला हेपेटायटिस बी आहे. त्याचा एसजीपीटी वर्षानुवर्षं ३६-३८, आणि लॅबच्या कागदावर मर्यादा ४०. त्यामुळे दर वेळी ‘सगळं ठीक’ म्हणून परत यायचो. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की जागतिक आरोग्य संघटना २०२४ पासून पुरुषांसाठी ३० आणि स्त्रियांसाठी १९ हीच मर्यादा धरते. ऐकून पोटात गोळाच आला.

त्यांनी जुन्याच रिपोर्टवरून ‘एप्री’ हा यकृताच्या तब्येतीचा अंदाज देणारा आकडा काढून दाखवला: एसजीओटी (यकृताचं आणखी एक एन्झाइम) ४४, त्याला लॅबने दिलेल्या एसजीओटीच्या मर्यादेने म्हणजे ४० ने भागायचं, शंभराने गुणायचं, मग प्लेटलेट्सनी (१ लाख ४० हजार, म्हणजे १४०) भागायचं. आलं ०.७९. ०.५ च्या वर गेलं की उपचारांचा विचार करायचा. हा आकडा एसजीपीटीसारखा सूज नव्हे, तर यकृतातले व्रण (फायब्रोसिस) दाखवतो. पण ते व्रण पडतात वर्षानुवर्षं राहिलेल्या सुजेमुळेच ना! व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची, तपासणी नंतर झाली, गोळीही सुरू झाली.

सरकारी हेपेटायटिस कार्यक्रमात तपासण्या आणि औषधं मोफत मिळतात, हे लेखात यायला हवं होतं. कृपया ते वाक्य दुरुस्त करा.