सरका जरा, अजून नऊ बसतात

माशांची टाकी घ्यायची ती दोन फुटीच घ्या. दोन बाय एक बाय एक. टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये ती अशी बसते की सुतारानं कप्पा तिच्यासाठीच सोडला असं वाटावं. हिशोबच हवा असेल तर दोन घनफूट म्हणजे ५६ लिटर. खालची रंगीत खडी, वरची चार बोटं मोकळी जागा आणि तोंडातून बुडबुडे सोडणारा सांगाडा वजा करा. उरतं ४५ लिटर. जेमतेम तीन बादल्या.

त्यात गोल्डफिश मासे नऊ. आठ लाल, एक काळा. फेंगशुई चीनमधून आली आणि आपल्याकडे वास्तुशास्त्राच्या घरी दत्तक गेली, तेव्हापासून हा आकडा पक्का आहे. एवढे मावतील का, असं दुकानात विचारू नका. विचारलंच तर “बसतात की ओ, लहान हाईत” हे उत्तर ठरलेलं. बेळगावहून चंदगडला वडापच्या खच्चून भरलेल्या जीपनं गेलेल्या माणसाला ते लगेच पटतं. फरक एवढाच, की वडापातला माणूस वाटेत शिनोळीला उतरतो. मासा उतरत नाही. तो तिथंच खातो, तिथंच घाण करतो आणि वर वाढतोही.

गोल्डफिश पाळणारी जाणती माणसं पहिल्या माशाला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर धरतात. नऊंचे झाले ३९५. त्याला चार बाय दोन बाय दोनची टाकी लागते, आणि तिच्यातल्या नुसत्या पाण्याचं वजन साडेचार क्विंटल. शोकेसचं काय होईल? तेव्हा हा विषय इथंच सोडलेला बरा.

परदेशी लोकांचं मनावर घेऊ नका. इटलीत मोंझा नावाच्या गावानं २००४ साली गोल भांड्यात मासे ठेवायला बंदी घातली. कारण काय, तर वाकड्या काचेतून माशाला जग वेडंवाकडं दिसतं! पुढच्या वर्षी रोमनंही तेच केलं. जर्मनीत तर ५४ लिटरची टाकी ही सुरुवात मानतात, म्हणजे आपला शेवट. जपानी लोक रांचू नावाचा गोल्डफिश उथळ, पसरट टबात ठेवतात आणि वरून बघतात. त्यांच्याकडे बहुधा शोकेस नसावं. आपल्याकडेही २०१७ साली केंद्रानं मत्स्यटाक्यांच्या दुकानांसाठी नियम काढले होते. पुढं मागेही घेतले. मोकळे झालो.

टाकी आणली त्याच संध्याकाळी मासे सोडा. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो. तो खाऊन नायट्राइट करणारे आणि त्या नायट्राइटचं बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. पण मुलं सहा आठवडे रिकामी टाकी बघत बसणार आहेत का? पहिल्या आठवड्यात अमोनिया चढेल, दुसऱ्या-तिसऱ्यात नायट्राइट. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतील. पाहुण्यांना सांगा, नमस्कार करतायत.

इथं एक गंमत आहे. बेळगावच्या कॅम्पातल्या मासळी बाजारात या टाकीवाल्या घरचीच बाई कल्ला उचलून बघितल्याशिवाय बांगड्याला हात लावत नाही. आत लालभडक पाहिजे, जरा तपकिरी दिसला की, “कालचा आहे हो, गोव्याहून निघून किती तास झाले?” आणि घरी नायट्राइट रक्तात भिनून, त्याची प्राणवायू वाहायची ताकद जाऊन नऊच्या नऊ माशांचे कल्ले चॉकलेटी झालेले असतात, तिकडं कुणी ढुंकून बघत नाही. बरोबरच आहे. ते खायचे थोडेच आहेत?

कुणी जाणता भेटलाच तर तो सांगेल की लिटरला एक ग्रॅम जाडं मीठ विरघळवून घाला, म्हणजे तुमच्या टाकीला ४५ ग्रॅम; मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. अर्धं पाणी बदला, दाणे दोन दिवस बंद ठेवा. तुम्ही यातलं मीठ तेवढं लक्षात ठेवा आणि इथून पुढं कुठल्याही दुखण्यावर मूठभर टाका. सोबत निळं औषधही ओता. पाणी निळं झालं की उपचार झाल्यासारखं वाटतं.

साफसफाई नळाला पाणी येईल त्या दिवशीच. मासे बादलीत काढा, खडी घमेल्यात घासा, स्पंज नळाखाली धरून पांढरा होईस्तोवर पिळा. महिनाभरात जमलेले जिवाणू क्लोरीननं साफ होतील आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येईल. नवेपणा टिकवायची याहून सोपी रीत नाही. आठवड्याला पाव पाणी बदलायचं आणि स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात खळबळायचा, ही आळशी माणसांची पद्धत.

एअर पंप टाकीच्या खाली ठेवा, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचे पैसे वाचवा. लाइट गेली की पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरेल आणि तिथून सॉकेटकडे वाट काढेल. पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगला तर ही मजा जाते. चुरमुरे, चपातीचा तुकडा, मुलांच्या हातचा कुंदा यांना मात्र मज्जाव नको. टाकी बेळगावची आहे हे माशांनाही कळायला हवं. दोन मिनिटांत संपेल तेवढंच घालावं म्हणतात. पाहुणचार असा घड्याळ लावून होतो का?

आता कोपरे रिकामे दिसतात म्हणून दोन ‘टायगर शार्क’ आणि काच चाटायला एक सकर. दोन इंची टायगर शार्क म्हणजे पंगस. हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो, बहुतेकदा तोच. नदीत एक मीटरच्या वर जातो. गावाच्या पाटीवर बेळगाव लिहा नाहीतर बेळगावी, गाव तेवढंच राहतं. हा मात्र नाव काहीही ठेवा, वाढायचा थांबत नाही. दचकला की काचेवर नाक आपटतो. सकर फूटभर सहज होतो, आणि काच चाटण्यापेक्षा घाणच जास्त करतो.

थोडंफार वाचन केलेले लोक या दाटीवर आफ्रिकेतल्या मलावी तळ्याच्या सिक्लिड माशांचा दाखला देतात. एंबुना जातीचे हे मासे हद्दीवरून इतके भांडतात, की त्यांची मुद्दाम दाटी करतात. कुणालाच हद्द आखता येत नाही आणि मार एकट्यावर पडत नाही. सीमाभागातल्या माणसाला हेवा वाटावा अशी तोड आहे. पण त्यासोबत टाकीचं सगळं पाणी तासाला आठ-दहा वेळा फिरवणारा फिल्टर आणि दर आठवड्याला निम्मं पाणी बदलणं येतं. तो भाग वाचायच्या आधी पान उलटा.

मासे मरतील. घाबरू नका, घरावर येणारं संकट त्यांनी अंगावर घेतलं. महिन्यात सात गेले म्हणजे सात संकटं टळली. फक्त ती सगळी शोकेसमधूनच का येत होती, हे शोधत बसू नका. आठ-एकचा आकडा भरून काढा. बेळगावची थंड हवा गोल्डफिशला खरं तर माहेरासारखी. नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. मग एवढी संकटं कुणी घ्यायची?

यातून जगून-वाचून मोठा झालेला सकर किल्ला तलावात सोडा, पुण्य लागेल. तो तिथं काठ पोखरून बिळं करील, अंगावर चिलखत असल्यानं त्याला फारसं कुणी खाणार नाही. टाकी धुऊन, पुसून माळ्यावर ठेवा. दिवाळीनंतर भाच्याची वास्तुशांत आहेच. काच चांगली पाच मिलिमीटरची आहे, खोका तेवढा नवा घ्या. मासे त्याला नऊच द्या.