‘समुद्रात ओतलेलं पाणी’: कोयनेवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, कोयना धरणावरच्या लेखात मी ‘मुंबईच्या एसीची वकिली’ केली, आणि सौरऊर्जेच्या जमान्यात दरवर्षी 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेला वळवून, वीज करून समुद्रात ओतणं हा जत-आटपाडी या सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांवर अन्याय आहे, असं तुमचं म्हणणं. राग समजतो. पण त्यात सह्याद्रीचा उतार कुठेच हिशेबात धरलेला नाही.

धरणाच्या पायथ्याचं वीजगृह घ्या. दोन्ही जनित्रं चालली की 2,100 क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) पाणी पूर्वेला नदीत उतरतं आणि 40 मेगावॅट वीज मिळते. तेवढंच पाणी पश्चिमेच्या बोगद्यातून गेलं, तर पोफळीच्या वीजगृहात पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली कोसळतं. मग कोळकेवाडीला अडवून अलोऱ्यात आणखी शंभरेक मीटर. ढोबळमानाने सातपट वीज. बरं, पूर्वेला सोडलं म्हणून पाणी आटपाडीला आपोआप पोचत नाही. कराडजवळ टेंभूला ते कृष्णेतून उपसून टप्प्याटप्प्याने वर चढवावं लागतं. ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचंही तेच. पंप चालतात विजेवर, आणि त्या बिलाचा 81 टक्के भार शासन उचलणार असं ठरलं, तेव्हा कुठे उरलेल्या 19 टक्क्यांत शेतकऱ्याला पाणी परवडण्याची शक्यता.

राहिलं सौर. दुपारी ती वीज भरपूर, वाद नाही. संध्याकाळी सातला मागणी चढते तेव्हा काही मिनिटांत सुरू होणारं काहीतरी हाताशी लागतं. कोयनेचा 1,000 मेगावॅटचा चौथा टप्पा त्यासाठीच तर बांधलाय.

तरीही पश्चिमेच्या कोट्याला हात लावूच नये असं मी म्हणत नाही. 67.5 टीएमसी ही कृष्णा पाणीवाटप लवादाने घातलेली कमाल मर्यादा आहे, दरवर्षी गाठायचं टार्गेट नव्हे. 2023 मध्ये पाऊस कमी झाला आणि कोयनेच्या पाण्यावरून सातारा-सांगलीची जुंपली. अशा वर्षी विजेच्या पाण्यातली कपात ऑक्टोबरातच जाहीर व्हावी, पिकं माना टाकायला लागल्यावर नव्हे. 2019 सारख्या महापुराच्या वर्षी मात्र पश्चिमेच्या पाण्यावर डोळा ठेवून सांगलीला काय मिळणार?

‘समुद्रात ओतणं’ हे तुमचे शब्द अलोऱ्याच्या खाली खरे ठरतात. तिथून हे अवजल, म्हणजे वीज करून सुटलेलं पाणी, वाशिष्ठी नदीला मिळतं आणि बरंचसं खाडीकडे निघून जातं. त्यावर पहिला हक्क सांगायचाच तर चिपळूणकरांनी सांगावा. त्यांच्याच तालुक्यातल्या वरच्या वाड्यांना मे महिन्यात टँकर लागतो.