इंडीची ड्रॅग रेस अर्ध्या दिवसात कशी उरकावी

लेबर डेचा (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा) लाँग वीकेंड जवळ आला की अमेरिकेतल्या मराठी घरांत एकच प्रश्न: आई-बाबा आलेत, नायगारा झाला, शिकागो झालं, आता काय दाखवायचं? इंडियानापोलिसला 'यूएस नॅशनल्स' नावाची ड्रॅग रेस, म्हणजे सरळ पट्टीवर दोन-दोन गाड्यांची शर्यत असते, गाड्या चार सेकंदांच्या आत पळून मोकळ्या होतात आणि शिकागोहून ते सगळं तीन तासांवर आहे, ही बातमी यंदा बऱ्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरलेली दिसते. स्टँडमध्ये आजूबाजूला मराठी ऐकू आलं की बरं वाटतं. काय ऐकू आलं ते कळेपर्यंत. तर पुढच्या वर्षी निघणाऱ्यांसाठी थोडं मार्गदर्शन.

सगळ्यात आधी परतीचं तिकीट काढा, आणि ते रविवार रात्रीचंच काढा. एनएचआरए या ड्रॅग रेस भरवणाऱ्या संस्थेच्या बाकीच्या शर्यती रविवारी संपतात, मग ही कशी नाही संपणार? ही नाही संपत. इथे बुधवारपासून हौशी गटांच्या शेकडो गाड्या धावत असतात, शुक्रवार संध्याकाळपासून व्यावसायिक गटांचं क्वालिफाइंग सुरू होतं, ते शनिवार-रविवार चालतं, त्यातून प्रत्येक गटातले १६ जण ठरतात आणि सोमवारी, लेबर डेच्या दिवशी, १६ चे ८, ८ चे ४, ४ चे २ आणि मग फायनल. रविवारी निघालात तर तुम्ही मांडव घालताना बघितला आणि लग्नाच्या आदल्या रात्री घरी आलात. फोटो मात्र छान येतात मांडवाचे.

कुणी फारच हट्ट धरला, तर सोमवारी दुपारी चारचं विमान घ्या. एखाद्या गाडीचं इंजिन फुटून धावपट्टीवर तेल सांडणार, मग ते पुसणार, धुणार, वाळवणार, पट्टीला पुन्हा चिकटपणा आणणार, त्यात अर्धा तास जाणार, आणि हे दिवसभरात किती वेळा होईल हे कुणीच सांगू शकत नाही, असल्या क्षुद्र शक्यतांचा विचार करणाऱ्यांनी सहलीला जाऊच नये.

हॉटेलचं ऑगस्टच्या शेवटी बघू.

जीपीएसमध्ये 'इंडियानापोलिस स्पीडवे' टाका. पोचाल १९०९ साली बांधलेल्या त्या अवाढव्य लंबगोल ट्रॅकवर, जिथे मे महिन्यात ५०० मैलांची शर्यत होते. ड्रॅग रेस तिथून दहा-बारा किलोमीटरवर, यूएस १३६ या रस्त्यावर, ब्राउन्सबर्गजवळच्या 'इंडियानापोलिस रेसवे पार्क'ला होते आणि १९६१ पासून तिथेच होतेय. पण तुम्ही मोठ्या ट्रॅकच्या दारात उभं राहून सेल्फी काढा, ग्रुपवर टाका आणि 'गर्दी काहीच नव्हती' असं लिहा.

शिकागोहून सकाळी सातला निघा, म्हणजे दहाला पोचाल. इंडियानापोलिसचं घड्याळ शिकागोच्या एक तास पुढे असतं हे तिथे अकरा वाजलेले दिसल्यावर कळेलच.

पाऊस आला तर छत्री उघडून जागेवर बसून राहा, मागच्यांना काहीच दिसत नसलं तरी. या गाड्यांच्या मागच्या टायरना नक्षी नसते, ते गुळगुळीत असतात. त्यांत हवा जेमतेम सात पीएसआयच्या आसपास, म्हणजे सुटताना रबर चुरगळून जमिनीला चिकटावं. धावपट्टीवर चिकट द्रव फवारलेला असतो आणि त्यावर रबराचा थर बसवलेला असतो. बूट घालून चाललात तर चपराक मारल्यासारखा आवाज येतो पावलागणिक. त्यावर चार थेंब पडले की सगळं थांबतं. मग ट्रकवर बसवलेले जेटसारखे ड्रायर फिरतात, मग फवारणी पुन्हा, मग टायर घासत नेणारं यंत्र पुन्हा. पाऊस दहा मिनिटांचा, खोळंबा दोन तासांचा. म्हणून मंगळवारी सकाळी नऊला ऑफिसची महत्त्वाची मीटिंग ठेवून द्या. पावसामुळे फायनल दुसऱ्या दिवसावर गेल्याची उदाहरणं या खेळात आहेत, पण ती दुसऱ्यांच्या बाबतीत.

मंडळाचा गणपती नेमका त्याच वीकेंडला असेल (२०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, म्हणजे नॅशनल्स सुरू झाले त्याच बुधवारी), तर दोन्हीकडे 'नक्की येतो' सांगा.

शुक्रवार रात्रीचं क्वालिफाइंग टाळा. अंधारात एक्झॉस्टच्या पाइपांतून दोन्ही बाजूंनी उंच ज्वाळा निघतात, उगाच लहान मुलं खूश होतात.

आता पिट, म्हणजे गाड्या उघडून दुरुस्त करतात ती जागा. तिकिटातच पिटमध्ये फिरण्याची मुभा असते, वेगळे पैसे नाहीत, त्यामुळे तिथे काही बघण्यासारखं असेल असं समजू नका. टॉप फ्युएल गटाची गाडी म्हणजे ८.२ लिटरचं, ११,००० हॉर्सपॉवरच्या वर जाणारं व्ही-८ इंजिन, आणि इंधन म्हणजे ९० टक्क्यांपर्यंत नायट्रोमिथेन, बाकी मिथेनॉल. गिअरबॉक्स नाहीच. क्लचच्या चकत्या ठरवलेल्या वेळी हळूहळू आवळल्या जातात, त्यावर सगळा खेळ. एका धावेला, आधीच्या बर्नआउटसकट (टायर तापवायला ते जागीच गरगर फिरवतात त्यासकट), ४५ ते ५५ लिटर इंधन जातं. पट्टीच्या अर्ध्यात स्पार्क प्लगची टोकं जळून गेलेली असतात आणि त्यापुढे इंजिन नुसत्या दाबावर आणि उष्णतेवर पेटत राहतं, इंधन तोडल्याशिवाय ते बंद होत नाही. अशी धाव झाली की गाडी ओढत पिटमध्ये आणतात, लोखंडी स्टँडवर चढवतात आणि सात-आठ माणसं तिच्यावर तुटून पडतात. एक खाली झोपून तेल काढतो, दोघं सिलिंडर हेड उतरवतात, एक जण कनेक्टिंग रॉडसकट पिस्टन बाहेर खेचतो, मागे क्लच सोडवून चकत्यांची झीज मोजली जाते. कुणी कुणाशी बोलत नाही. पाऊण तासात इंजिन पुन्हा बांधून तयार. मग ते तिथेच सुरू करून बघतात. आधी साध्या इंधनावर सरळ आवाज येतो, मग नायट्रोवर टाकतात आणि आवाज फुटतो, तडतडायला लागतो, दातांत जाणवतो. गाडीच्या मागे उभे असलेले लोक डोळे पुसत, खोकत, हसत पळतात. हे सगळं तुमच्यापासून तीन-चार मीटरवर, मध्ये एक दोरी.

तर तिकडे जाऊ नका. स्टँडमध्ये रुमाल टाकून अकरा जागा अडवा आणि त्यांची राखण करत चिवडा खा. हौशी गटांच्या शर्यती चालू असतात तो पिटला जायचा वेळ. त्या वेळात आउटलेट मॉलला जाऊन या, म्हणजे परत याल तेव्हा टॉप फ्युएलची फेरी संपलेली असेल.

'अजून किती लॅप आहेत?' हा प्रश्न शेजारच्या माणसाला अवश्य विचारा. शक्यतो गाड्या स्टार्ट लाइनवर येत असताना विचारा.

व्हिडिओ काढाच. तीन पिवळे दिवे एकदम लागतात, ०.४ सेकंदांनी हिरवा लागतो, आणि टॉप फ्युएलची गाडी पावणेचार सेकंदांच्या आसपास १,००० फूट पार करून ताशी ५३० किलोमीटरच्या वर गेलेली असते. तुमचा कॅमेरा तोपर्यंत फोकस शोधत असतो. पूर्वी हे अंतर पाव मैल, म्हणजे १,३२० फूट होतं. २००८ साली न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनला स्कॉट कॅलिटा हा ड्रायव्हर अपघातात गेला, त्यानंतर टॉप फ्युएल आणि फनी कार या दोन गटांसाठी ते कमी केलं. प्रो स्टॉक गटाची गाडी अजून पूर्ण पाव मैल धावते. आणि जिंकणारी गाडी नेहमी जास्त वेगाचीच असते असं नाही: दिव्याला ज्याने आधी प्रतिसाद दिला तो कमी वेगातही जिंकू शकतो, आणि घाई करून आधी सुटला तर लाल दिवा लागून बाद होतो. म्हणून बोर्डवरचे आकडे वाचावे लागतात. तुम्ही वाचू नका. 'दोघं एकदमच तर गेले' म्हणा आणि व्हिडिओ बघा, त्यात धूर छान आलाय.

राहिले कान.

कानांसाठी काहीही नेऊ नका. आपण पुण्याची माणसं. लक्ष्मी रोडवर ढोल-ताशाच्या पथकापुढे तासन् तास उभे राहिलेलो, डीजेच्या भिंतीला पाठ लावून नाचलेलो. आपल्याला कोण आवाज शिकवणार? फारच वाटलं तर बोटं घाला. कापूस असेल तर उत्तमच. तो चार-पाच डेसिबल अडवतो आणि समाधान मात्र पूर्ण देतो.

हिशोब असा आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असं धरतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० ला १५ मिनिटं. ११५ ला अर्धं मिनिटसुद्धा नाही. १३० ला एक सेकंद पुरता नाही. टॉप फ्युएलच्या दोन गाड्या एकत्र सुटतात तेव्हा स्टार्ट लाइनजवळ आवाज १५० च्या आसपास असतो. डेसिबलच्या मोजणीत दर दहाला ऊर्जा दहापट होते, म्हणजे ११० ची डीजेची भिंत आणि १४० चा आवाज यांत हजारपटीचं अंतर आहे. लक्ष्मी रोडचा अनुभव इथे कामाचा नाही. झालाच असेल तर तोट्याचा, कारण काही पेशी तिथेच गेल्यात आणि आतल्या कानातल्या त्या पेशी माणसाला पुन्हा येत नाहीत.

कान झाकणाऱ्या मफच्या खोक्यावर एनआरआर, म्हणजे किती डेसिबल अडतात त्याचा आकडा लिहिलेला असतो. ३० लिहिलंय म्हणजे ३० कमी होतील असं नसतं. अमेरिकेतलंच कामगार-सुरक्षेचं खातं त्यातून सात वजा करून उरलेल्याचं निम्मं धरायला सांगतं, म्हणजे हातात ११-१२ पडतात. म्हणून जाणकार लोक आत फोमचे प्लग आणि वर मफ असं दोन्ही घालतात. दोन्हींची बेरीज होत नाही, मोठ्या आकड्यात फार तर पाचाची भर पडते, पण ते पाच इथे लागतात. प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सारायचा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद दाबून धरायचा. नुसता भोकाशी ठेवलेला प्लग म्हणजे दागिना.

मोठ्यांनी हे नाही केलं तर त्यांचं ते बघतील. पण यंदा पुढच्या रांगेत जे बसले होते, त्यांच्या मांडीवर सात-आठ महिन्यांचं बाळ होतं. डोक्यावर झबल्याला शोभणारी कानटोपी, लोकरीची. कानावर काही नाही. पहिल्या जोडीला ते बाळ दचकून अख्खं ताठ झालं, रडलं, आणि आजूबाजूचे तीन अमेरिकन लोक आपापले जादा मफ काढून देत होते. त्यांना 'नो नो, ही इज यूज्ड टू इट' असं उत्तर मिळालं. थोड्या वेळाने बाळ झोपलं तेव्हा 'बघा, त्याला काही त्रास नाही' हेही ऐकवण्यात आलं.

कशाची सवय आहे त्याला? मिक्सरची? कानाला सवय होत नसते, कान खराब होत असतो, आणि खराब झाला की त्रास वाटेनासा होतो. मोठ्या माणसाला नंतर कानात सीटी वाजते, आवाज दबल्यासारखा येतो, त्याला निदान कळतं. बाळ सांगणार कसं? बाळाची कानाची नळी लहान, त्यात तोच आवाज जास्त दाबाने पोचतो. फोमचे प्लग त्याला बसत नाहीत, तोंडात घातले तर घशात अडकतील, म्हणून त्याच्यासाठी मऊ पट्ट्याचे मफ येतात. २०-२५ डॉलर. बारा-तेराशे मैलांची ट्रिप, तीन रात्रींचं हॉटेल, अकरा तिकिटं, प्रत्येकाला टीशर्ट, आणि पोराच्या कानाला २५ डॉलर निघत नाहीत? वर कुणी पुढे केले तर नाही म्हणायचं? चार सेकंदांच्या व्हिडिओसाठी?

लाज वाटायला हवी. रेस आपली हौस आहे, त्याची नाही. मफ आधी आणा, घरी दोन-चार दिवस घालून बघा, काढून फेकतो का ते तपासा. फेकत असेल तर त्याला ट्रॅकवर आणायचं नाही, विषय संपला. मफ घातले तरी पिटमध्ये इंजिन सुरू करतात तिथे बाळ न्यायचं नाही. तो धूर मोठ्यांना सोसत नाही. स्टँडमध्ये स्टार्ट लाइनपासून लांबची जागा घ्यायची. आणि हे जमणार नसेल तर एकाने बाळाबरोबर हॉटेलवर थांबायचं आणि दुसऱ्याने जायचं, पाळीपाळीने. रविवार एकाचा, सोमवार दुसऱ्याचा. सोमवार कुणाचा यावरून भांडण होणार, ते गाडीत भांडून घ्या.