बायबलचा संगणकावरचा अभ्यास 2008 पासूनचा नाही

‘संगणकावर बायबलचा अभ्यास 2008 मध्ये यूव्हर्जन अ‍ॅपमुळे सुरू झाला’ असा मजकूर फिरतोय. तो चुकीचा आहे. त्या अ‍ॅपने बायबलचं वाचन खिशात आणलं, एवढं खरं. पण जॉन एलिसन यांनी युनिव्हॅक संगणकावर केलेली बायबलच्या एका इंग्रजी भाषांतराची शब्दसूची (कोणता शब्द कुठे कुठे येतो याची यादी) 1957 मध्येच छापून आली होती. पुढे विंडोजसाठी लोगोस हे बायबल-अभ्यासाचं सॉफ्टवेअर आलं 1992 मध्ये, मॅकसाठी अकॉर्डन्स 1994 मध्ये. अशा सॉफ्टवेअरमध्ये मूळ ग्रीक आणि हिब्रू मजकुरातल्या एकेका शब्दाला त्याचं मूळ रूप नि व्याकरण जोडलेलं असतं, म्हणून एकाच धातूची सगळी रूपं क्षणात समोर येतात. हे जोडकाम अभ्यासकांनी शब्दागणिक, कमालीच्या चिकाटीने केलंय. त्यांचं श्रेय कृपया पुसू नका.