नुसतं चालून मांडीत ताकद येत नाही

"साठीनंतर रोज पाऊण तास चाललं की स्नायू शाबूत राहतात" हे एका लेखात वाचलेलं वाक्य मला पटलं नाही. चालणं हृदयाला, साखरेला उत्तम, वाद नाही. पण आमचे बाबा, वय ७४, पंधरा वर्षं न चुकता सकाळी बागेत चार फेऱ्या मारतात, आणि गेल्या श्रावणात सत्यनारायणाच्या पाटावरून त्यांना उठता येईना. एक हात जमिनीवर, दुसरा माझ्या खांद्यावर, तेव्हा कुठे उभे राहिले. पायजम्यात मांडी काठीसारखी झालेली आम्हाला दिसलीच नव्हती, कारण पोट जागेवर आणि वजन काट्यावर तेवढंच!

स्नायूंना ओझं लागतं. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली, तर त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली. बाबांना फिजिओथेरपिस्टने खुर्चीतून हात न टेकता उठबस दिली. पहिल्या दिवशी तीन झाल्या, आता बारा होतात. दुसरी गोष्ट ताटातली. रात्री "हलकं" म्हणून वरण-भात, आणि वरण म्हणजे पिवळं पाणी. म्हाताऱ्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं हवीत (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच), ती अशी कुठून मिळणार? आता दुपारी उसळ, रात्री पनीर नाहीतर दोन अंडी. अंड्यांवरून आईशी अजून धुसफुस चालू आहे.