सीटी स्कॅन आला म्हणून पोस्टमॉर्टेम गेलं असं होत नाही

एक मेसेज जोरात फिरतोय, की आता बॉडी फाडायची गरजच उरली नाही, सीटी स्कॅनमधून काढली की मरणाचं कारण, विष, वेळ सगळं अर्ध्या तासात कळतं, तरी डॉक्टर उगाच हट्टाने चिरफाड करतात. यातलं थोडं खरं आहे, आणि म्हणूनच लोक फसतात.

"स्कॅनमध्ये सगळं दिसतं." नाही दिसत हो. २०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधला एक अभ्यास आला होता, १८२ बॉडींचं सीटी आणि एमआरआय करून मग पोस्टमॉर्टेमशी ताडून पाहिलं, तर मृत्यूच्या कारणात मोठी तफावत सीटीमध्ये ३२ टक्के आणि एमआरआयमध्ये ४३ टक्के निघाली. सुटलं काय, तर हार्टचा आजार, फुप्फुसात अडकलेली गुठळी, न्यूमोनिया, म्हणजे अचानक मृत्यूची एकदम नेहमीची कारणं! कारण साधं आहे, मेल्यावर रक्त फिरत नाही, ते नसांमध्येच गोठतं, आता ही गुठळी जीव घेणारी की नंतर झालेली हे साध्या स्कॅनवर सांगणं अवघड. फुप्फुसाच्या खालच्या बाजूला रक्त साचतं ते न्यूमोनियासारखं दिसतं. शिरांमध्ये पंपाने डाय (स्कॅनमध्ये उठून दिसणारं द्रव्य) सोडून अँजिओग्राफी केली तर हार्टच्या केसेसमध्ये बराच फरक पडतो, पण मेसेजवाल्यांना हे कुठे माहीत.

"विषही कळतं." पोटात गोळ्यांचा ढीग असला तर कधीकधी दिसेल, पण कुठल्या गोळ्या ते नाही. त्यासाठी रक्त, लघवी, व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) लॅबला जाणारच. मृत्यूची नेमकी वेळ तर स्कॅनवर छापून येत नाही, तो विषय सोडा.

आता दुसरी बाजू, कारण "स्कॅन म्हणजे फॅड" म्हणणारेही तितकेच चुकतात. छातीत फुप्फुसाबाहेर हवा अडकून माणूस गेला असेल तर छाती उघडताच ती हवा निसटते, म्हणून जुनी पद्धत अशी की कातडीचा खिसा करून त्यात पाणी भरायचं, पाण्याखाली भोक पाडायचं आणि बुडबुडे येतात का बघायचं. स्कॅनमध्ये तीच हवा बॉडीची बॅग न उघडता काळी दिसते. गोळीचे तुकडे, चेहऱ्याची बारीक फ्रॅक्चर्स, जळालेली बॉडी, इथे स्कॅन चाकूच्या पुढे आहे.

आणि "हट्टाने" म्हणाल तर मेलबर्नच्या फॉरेन्सिक इन्स्टिट्यूटमध्ये २००५ पासून आलेल्या बॉडीचा आधी सीटी होतो, मग उघडायची की नाही ते ठरतं, बऱ्याचदा उघडतही नाहीत. पण गळा दाबल्याचा संशय असला, की मानेचे स्नायू एकेक थर सोडवत आतला रक्तस्राव डोळ्यांनीच बघावा लागतो, आणि कोर्टात उलटतपासणीत वकील विचारणार तेही तेच.